बाबांची डिस्क आणि वीस मिनिटं

मी शाळेत कॉम्प्युटर शिकवते. मशीन अडलं तर त्याला कारण असतं, आणि ते सापडत नसेल तर आपण नीट शोधलेलं नसतं, हे मी इतकी वर्षं मुलांना सांगत आले आहे. तेव्हा आत्मा, संकेत वगैरे गोष्टींशी माझा काय संबंध? या सदरातले अनुभव मी वाचायचे, हसायचे आणि पुढे जायचे. आज स्वतःच लिहायला बसले आहे... हसलात तरी चालेल.

ही २०१५ ची गोष्ट. आम्ही मस्कतला, अल् घुब्रामध्ये दुसऱ्या मजल्यावर भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहायचो — मी, माझे मिस्टर शिरीष आणि मुलगी. माझी धाकटी बहीण मंजिरी, म्हणजे मंजू, सलालाहला. तिचा नवरा तिथे पोर्टवर नोकरीला.

बाबा एसटीत होते, चिपळूण स्टँडवर कंट्रोलर. आई गेल्यावर ते दरवर्षी ओमानला येऊ लागले. म्हणजे मंजूकडे येऊ लागले. सलालाहला जून ते सप्टेंबर ढग, झिमझिम, नारळाच्या बागा. बाबा म्हणायचे, "अगदी घरी असल्यासारखं वाटतं गं!" तीन महिने तिच्याकडे, आणि माझ्याकडे? जाताना एक रात्र आणि येताना एक. विमान बदलायला मस्कतला उतरावंच लागायचं म्हणून. ही वाक्यं लिहिताना अजूनही माझे दात आवळले जातात. मंजू फोनवर सांगायची, "बाबांनी आज फणसाची भाजी केली", "बाबा मुलांना पाढे शिकवतायत"... आणि मी इकडे एसी लावून चांगलं चांगलं म्हणत बसायचे.

बाबा चिपळूणलाच गेले, अचानक, हार्ट अटॅकने. आम्ही दोघी पोचलो तेव्हा सगळं आटोपलं होतं.

तीन महिन्यांनी मंजूचा फोन आला. "ताई, आमचा जुना डेस्कटॉप टाकून दिला. त्यातली हार्ड डिस्क यांनी काढून ठेवलीय. बाबा त्यावर आठवणी टाइप करायचे. तुला पाठवू?"

"आठवणी? कसल्या?"

"त्यांच्या नोकरीच्या, आमच्या... म्हणजे आपल्या. मी मागच्या वर्षी प्रिंट पण काढून घेतली होती. तुला सांगायचंच राहिलं."

सांगायचं राहिलं! वर्षभर ती हे वाचत होती.

मस्कतच्या बसने येणाऱ्या एका ओळखीच्या माणसाबरोबर डिस्क आली. शुक्रवार होता. सकाळीच मी माझ्या पीसीचं झाकण उघडलं, दुसरी डिस्क म्हणून ती जोडली आणि बटण दाबलं. एरवी माझा पीसी चाळीस सेकंदांत सुरू व्हायचा. त्या दिवशी विंडोजचा लोगो आला, गेला आणि स्क्रीन काळी झाली ती झालीच. मी घड्याळ बघितलं. वीस मिनिटांनी डेस्कटॉप आला.

डिस्कवर एकच फोल्डर होता आणि त्यात एकच फाइल, एकसष्ट पानांची. सवयीप्रमाणे आधी ती माझ्या डिस्कवर कॉपी केली आणि मग वाचली. बाबांना कीबोर्डवर ळ कधीच सापडला नव्हता. 'चिपलूण', 'सकाली', 'वेल झाली'... वाचताना हसू आलं, रडूही आलं. पण पन्नासाव्या पानापर्यंत येता येता माझं लक्ष मजकुरात राहिलंच नाही. मी फक्त माझं नाव शोधत होते. मंजूचा पहिला नंबर, मंजूचं गाणं, मंजूचा गोवर. मी कुठे होते? 'मोठी शालेत गेली होती.' 'मोठी घरीच राहिली.' शेवटी सर्च केलं. वसुधा — शून्य. वसू — शून्य.

खरं तर कॉपी झाली होती, डिस्क काढून ठेवता आली असती. शिरीष तेच म्हणाला, "काढ ती. जुना दगड आहे, पीसीपण खराब करेल." पण मी काढली नाही. त्यांच्या वस्तूंपैकी एक तरी माझ्या घरात राहू दे, असं काहीतरी डोक्यात होतं. आणि वीस मिनिटं का लागतात हे मला कळत नाही, म्हणजे काय?

मग मी हात धुऊन मागे लागले. केबल बदलली. पोर्ट बदलला. बायॉसमध्ये बूटचा क्रम तपासला, जुनं विंडोज शिल्लक आहे का पाहिलं... नव्हतं. डिस्कची पूर्ण तपासणी केली, एकही खराब सेक्टर नाही. शाळेच्या लॅबमध्ये नेऊन तीन मशीनना लावली, तिन्ही झटक्यात सुरू झाली. शेवटी माझा सीपीयू आणि डिस्क दोन्ही रुवी भागातल्या कॉम्प्युटरच्या दुकानात नेलं. तिथल्या मल्याळी टेक्निशियनने माझ्यासमोर जोडून दाखवलं. चाळीस सेकंद.

"मॅडम, सब ओके है. आप घर में कुछ गलत कर रहे होंगे."

मला! असा राग आला की विचारू नका. घरी आणलं, त्याच केबलने तसंच जोडलं. वीस मिनिटं. पीसी स्वयंपाकघरातल्या प्लगला लावून पाहिला, तरी वीस.

चौथ्या की पाचव्या शुक्रवारी, सकाळी अकराच्या सुमारास, असाच डेस्कटॉप येण्याची वाट बघून मी तो फोल्डर उघडला आणि थबकले. फाइलच्या 'मॉडिफाइड'समोर त्या दिवसाची तारीख होती. वेळ दहा त्रेपन्न. दहा त्रेपन्नला माझ्यासमोर काळी स्क्रीन होती. विंडोज तेव्हा धड सुरूही झालं नव्हतं.

आधी वाटलं, घड्याळाची गडबड असेल. फाइल उघडली. त्रेसष्ट पानं.

शेवटची दोन पानं मी जशीच्या तशी लिहून ठेवली आहेत, त्यातलं थोडंसं देते:

'मंजूला कोल्हापूरला नेणार होतो . सकाली तिची चप्पल मिलेना . वसूने ती पुलावरून नदीत टाकली . मी स्टँडवरून येताना पाहिले . घरी सांगितले , माझी रजा रद्द झाली . वसूला मारले नाही . एसटीचा पास दोघींचा होता . दोघींना नेता आले असते . मोठी आहे , समजून घेईल असे धरले . ती अकरा वर्षांची होती .'

मी शिरीषला हाक मारली. त्याने वाचलं, माझी कॉपी उघडून पानं मोजली — एकसष्ट. पुन्हा ही फाइल — त्रेसष्ट. "मंजूने लिहिलं असेल," तो म्हणाला. मलाही आधी तेच वाटलं, खोटं कशाला बोलू? पण मंजूला चप्पल कुणी टाकली हे माहीतच नव्हतं. ते मला माहीत होतं. बाबांनी पाहिलं होतं, हे तर मलाही माहीत नव्हतं! आणि डिस्क महिनाभर माझ्याकडे होती.

खात्री करायची तर मंजूला विचारायला हवं होतं, आणि विचारायचं म्हणजे आधी कबूल करायला हवं. तीस वर्षांपूर्वीची एक चप्पल, पण फोन हातात घेऊन मी अर्धा तास बसले होते.

"मंजू, तुझ्याकडच्या प्रिंटमध्ये कोल्हापूरचं काही आहे?"

पानं उलटल्याचा आवाज आला. "नाही गं. शेवटी रिटायरमेंटचं आहे. पान एकसष्ट. का?"

मी सगळं सांगितलं. चप्पल, पूल, ती दोन पानं.

"मंजू?"

"मला वाटायचं कुत्र्याने नेली," ती म्हणाली. "केवढी रडले होते मी... वाच ना ते परत."

मी वाचलं. तिने पुन्हा वाचायला लावलं. मग एकदम म्हणाली, "माझ्याबद्दल एवढं लिहिलंय त्यांनी, पण सगळीकडे मी गोड. माझं चुकलेलं काही नाही, त्यांचं काही चुकलेलं नाही. असं एकसुद्धा पान नाही माझ्यावर." आणि शेवटी, "ताई, ती डिस्क मला परत पाठव."

तिचा तो आवाज मी चांगला ओळखत होते. आयुष्यभर तो माझा होता.

"पाठवते, इन्शाल्ला," मी म्हटलं. आखातात राहिलेल्यांना या शब्दाचा अर्थ सांगायला नको, होईल तेव्हा होईल.

दुसऱ्या दिवसापासून डिस्क जोडलेली असूनही पीसी चाळीस सेकंदांत सुरू व्हायला लागला. मी काहीही बदललेलं नव्हतं. मुद्दाम जुनी केबल लावून पाहिली, पोर्ट पुन्हा बदलला... चाळीसच. फाइल त्रेसष्टवर थांबली ती थांबलीच.

दोन वर्षांनी मंजूचं कुटुंब कायमचं भारतात निघालं. जाताना दोन दिवस आमच्याकडे होते. दुसऱ्या दिवशी सकाळी मंजू म्हणाली, "मी बसू का पीसीवर? एकटीच?" मी तिला चहा दिला आणि पोळ्या करायला गेले. सगळ्या पोळ्या झाल्या, भाजी झाली, आणि दारातून पाहिलं तर तिच्यासमोर स्क्रीन काळी. चहा तसाच. ती हात मांडीवर ठेवून, हलकेच मान डोलावत बसली होती, कुणाचं तरी ऐकत असल्यासारखी.

मी आत गेले नाही. बाबा तीन महिने तिच्याकडे राहायचे तेव्हा जे वाटायचं, तेच अगदी तसंच छातीत आलं. चाळिशी उलटलेली बाई मी, दाराला धरून उभी...

पाऊण तासाने ती बाहेर आली. डोळे सुजलेले, पण चेहरा मोकळा.

"काय होतं गं?"

"काही नाही," ती म्हणाली. "डिस्क मी नेऊ?"

मीच स्क्रू काढून दिली. फाइल उघडून पाहायला मला पाच मिनिटं सहज मिळाली असती. पाहिली नाही.

त्याला आता बरीच वर्षं झाली. कारण मला अजून सापडलेलं नाही. कुणा जाणकाराला ठाऊक असेल तर जरूर सांगा. मंजूशी आठवड्यातून दोनदा बोलणं होतं. त्या सकाळी तिला काय वाचायला मिळालं, हे तिने सांगितलेलं नाही आणि मीही विचारलेलं नाही. पण फोन ठेवल्यावर दर वेळी तेच मनात येतं — किती पानं असतील?