बोटीवर माणूस नसेल तर

माझ्या रागाबद्दल घरात आणि बाहेर कधी दोन मतं नव्हती. आई म्हणायची, हिच्या नाकाच्या शेंड्यावर राग बसलेला असतो, नुसतं शिंकली तरी खाली सांडतो. हे आधीच सांगून ठेवते, कारण जी गोष्ट सांगणार आहे तिच्यात माझी बाजू काही फार देखणी नाही. तरीही ती आठवली की मला बरं वाटतं, कारण तिच्यात एका बाईंचे उपकार आहेत. ते मी कधी फेडले नाहीत. फेडता येतील असे ते नव्हतेच.

दोन हजार सालानंतरची पहिली तीन-चार वर्षं. आम्ही विरार पूर्वेला चंदनसारला राहायचो. मी कॉम्प्युटर हार्डवेअरचा कोर्स केला होता. वर्गात सगळे मुलगे आणि एकटी मी. वडिलांचं म्हणणं होतं की मुलीने बँकेच्या परीक्षा द्याव्यात. स्क्रूड्रायव्हर घेऊन टेबलाखाली शिरायची नोकरी पाहुण्यांना कशी सांगायची, हा त्यांचा खरा प्रश्न होता. वसई पूर्वेला प्लॅस्टिकची झाकणं बनवणाऱ्या एका कारखान्याच्या ऑफिसने मला ‘तीन महिने बघू’ म्हणून घेतलं, तेव्हा वडील एवढंच म्हणाले की मग मीही तीन महिने बघतो. नाही ठेवलं तर परीक्षेचा फॉर्म भरायचा. मी हो म्हटलं.

तिसऱ्या महिन्यात ऑफिसात अठरा नवे कॉम्प्युटर आले. सगळे कोरे. प्रत्येकात ऑपरेटिंग सिस्टिम टाकल्याशिवाय त्यांचा उपयोग पेपरवेटइतकाच. नेहमीची पद्धत अशी की एकेका मशीनसमोर तास-दीड तास बसायचं. ते सतत काहीतरी विचारत राहतं. भाषा कुठली, वेळ कुठली, नाव काय ठेवू, या अटी मान्य आहेत का? आपण मान्य मान्य करत बटणं दाबत राहायची. मी कुठेतरी वाचलं होतं की ही सगळी उत्तरं आधीच एका फाईलमध्ये लिहून फ्लॉपीवर ठेवता येतात. फ्लॉपी आणि सीडी घालायची, मशीन चालू करायचं आणि उठून जायचं. पुढे ते स्वतःच विचारतं आणि स्वतःच उत्तर घेतं.

ऑफिसचे मुख्य साहेब देशावरचे, मोजकं बोलणारे. त्यांना मी छाती पुढे काढून सांगितलं की माणूस न बसवता मी हे करून दाखवते. मुंबईच्या एका कंपनीचा माणूस हेच काम घ्यायला येऊन गेला होता, त्याला त्यांनी नको म्हणून कळवलं आणि मला म्हणाले, शनिवारपर्यंत अठराच्या अठरा. तुमच्या कायम नेमणुकीच्या कागदावर सही करायची की नाही ते तेव्हाच बघू. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

सोमवारी सकाळी मी एकामागून एक सहा मशीन लावली. एक वाजता सगळं ऑफिस जेवायला वरच्या मजल्यावर जायचं. तिथे एकाच लांब टेबलावर सगळ्यांचे डबे उघडायचे आणि भाजी आपल्या डब्यात परत यायच्या आत संपायची. खाली कुणी थांबायचं नाही, तशी पद्धतच नव्हती. मीही गेले. दोन वाजता खाली आले तर तीन मशीन छान तयार होती आणि तीन मेलेली. एकावर फाईल सापडत नाही असा संदेश, एक अर्ध्यावर अडकलेलं आणि तिसऱ्याच्या पडद्यावर नुसती पांढरी रेघ उघडझाप करत होती. तिघांची तीन दुखणी.

पहिला संशय लाईटवर. वसई-विरारला तेव्हा लाईट पाहुण्यासारखी यायची. म्हणूनच मी प्रत्येक मशीनमध्ये सोय करून ठेवली होती की वीज जाऊन परत आली तर त्याने आपणहून सुरू व्हावं. पण जेवताना वरचे पंखे चालू होते, म्हणजे लाईट गेली नव्हती. मग संशय सीडीवर. रात्री घरी नव्या सीडी बनवल्या. मंगळवारी इतकी चिडलेली होते की जेवायलाच गेले नाही, मशीनसमोर बसून राहिले. ऑफिसातल्या मावशी दरवाजातून डोकावल्या, जेवणार नाहीस का विचारलं. मी हातानेच जा म्हटलं. त्या गेल्या. त्या दिवशी लावलेली चारही मशीन सुरळीत पार पडली. मला वाटलं, सापडलं! दोष सीडीचाच होता.

बुधवारी त्याच नव्या सीडी घालून मी खुशीत जेवायला गेले. परत आले तर चारांतली तीन गेलेली.

त्यानंतर मी काय काय बदललं ते आज सांगताना हसू येतं. मेमरीच्या पट्ट्या काढून खोडरबरने घासल्या. केबली बदलल्या. उत्तरांची फाईल ओळीओळीने तपासली, जसं काही तिच्यातला एखादा स्वल्पविराम दुपारी एक वाजता जागा होणार होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा. गुरुवारी सकाळी मी साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन सांगून टाकलं की मशीन पुरवणाऱ्याने खराब हार्ड डिस्क दिल्या आहेत. पुरावा काही नव्हता. उचलली जीभ, लावली टाळ्याला. साहेबांनी माझ्यासमोरच पुरवठादाराला फोन लावला. त्याचा माणूस शुक्रवारी सकाळी डिस्क तपासायला येणार असं ठरलं. फोन ठेवून साहेब शांतपणे म्हणाले की डिस्क चांगल्या निघाल्या तर मग मला तुमच्याबद्दल ठरवावं लागेल.

त्या दुपारी आणखी चार मशीन लावून वर गेले. डबा उघडला तर लोणच्याची बाटली टेबलाच्या खणात राहिलेली. ती आणायला खाली आले.

मावशी भिंतीच्या कडेने चालत होत्या. खाली वाकायच्या, प्लगचं बटण बंद करायच्या, पुढे जायच्या. घाई नाही, गडबड नाही. घरातल्या बाईने रात्री दिवे मालवावेत तशा. माझी चारही मशीन त्यांच्यामागे काळी होत गेली.

मी काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. माझ्या आईच्या वयाच्या बाईला मी अडाणी म्हटलं, एवढं सांगितलं तरी पुरे. मावशी वसईच्या पाचूबंदर कोळीवाड्यातल्या. नवरा मासेमारीला जायचा तोवर त्यांनी बाजारात मासळी विकली, तो वारल्यावर इथे चहापाणी आणि साफसफाईला लागल्या. कारखान्याने त्यांना रोजावर ठेवलं होतं. उद्यापासून येऊ नका म्हणायला कुणालाही कागद लागला नसता. माझा आवाज संपेपर्यंत त्या उभ्या राहिल्या आणि मग म्हणाल्या,

“बाय, मशीनवं कोनच नव्हता. बोटीवं मानूस नसंल तं इंजिन चालू ठेवत नाय आमी.”

मग त्यांनी सांगितलं. त्यांच्या लहानपणी बंदरात एक बोट जळली होती. सगळे उतरून गेले होते आणि इंजिन तसंच चालू राहिलं होतं. तेव्हापासून त्यांच्या घरात हा नियम. ऑफिसात जुने कॉम्प्युटर होते तेव्हा लोक जेवायला जाताना आपापलं मशीन बंद करून जायचे, मावशी मागून फक्त बटणं बंद करायच्या. त्यात कुणाचं काही बिघडत नव्हतं. दोनला पाच मिनिटं असताना त्या सगळी बटणं पुन्हा चालू करायच्या, म्हणजे परत आल्यावर कुणाला वाकायला नको. आणि माझी हुशार मशीन वीज मिळताच आपणहून जागी व्हायची, त्यामुळे मी खाली यायचे तेव्हा पडदे उजळलेलेच असायचे. जेवणाआधी पूर्ण झालेली वाचायची, अर्ध्यावरची मरायची. मंगळवारी मी समोर बसलेली होते. बोटीवर माणूस होतं. म्हणून त्या काही न करता निघून गेल्या.

मला सगळं कळलं आणि राग जराही कमी झाला नाही. माझ्यापुढे उद्या येणारा तो पुरवठादाराचा माणूस होता, साहेबांचा चेहरा होता, वडिलांनी आणून ठेवलेला फॉर्म होता. दोन वाजता मी केबिनमध्ये गेले. खोटं कशाला बोलू, मी मावशींचं नाव सांगायलाच गेले होते. वाक्यसुद्धा तयार होतं. साहेब, आपल्या मावशी रोज मशीन बंद करतात, माझं काम बरोबर होतं.

साहेबांनी वर बघितलं. डिस्क ठीक आहेत, मी म्हटलं. मग बिघाड कशाचा, त्यांनी विचारलं. मी तोंड उघडलं आणि दरवाजा ढकलून मावशी चहाचा ट्रे घेऊन आत आल्या. साहेबांचा चहा साडेतीनला असायचा, घड्याळ लावावं असा. त्यांनी कप टेबलावर ठेवला आणि तिथेच उभ्या राहिल्या.

“साहेब, मशीनी मी बंद केल्या. रोज करते. हिला ठाव नव्हता, नि हिनं मना सांगला नव्हता. आता दोघींनाबी ठाव हाय.”

साहेबांनी मला विचारलं, तुम्ही यांना किंवा आणखी कुणाला सांगितलं होतं का, की ही मशीन माणसाशिवाय चालतात, हात लावू नका म्हणून? मी नाही म्हटलं. कागदाची एक चिठ्ठीसुद्धा चिकटवली नव्हती. अख्ख्या ऑफिसला माहीत असलेली गोष्ट मला माहीत नव्हती, आणि मला एकटीला माहीत असलेली मी कुणाला सांगितली नव्हती. चूक माझी आहे, असं मी आयुष्यात पहिल्यांदाच कुणी न विचारता म्हटलं. साहेबांनी चहाचा एक घोट घेतला. मग फोन माझ्याकडे सरकवला आणि म्हणाले, त्या पुरवठादाराची माफी मागा, आणि शनिवार म्हणजे शनिवारच.

शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत मावशी मशीनच्या खोलीत स्टुलावर बसल्या. मी सांगितलं नव्हतं, त्याच बसल्या. डबाही तिथेच उघडला. सुक्या बोंबलाच्या वासाने नंतर लोकांनी कुरकुर केली, पण एकही मशीन मेलं नाही. मी खाली आले तर पडद्यावर निळी पट्टी पुढे सरकत होती आणि त्या तिच्याकडे किनाऱ्यावरून बोट बघावी तशा बघत होत्या. मी त्यांच्याशेजारी बसले. अडाणी म्हटल्याबद्दल माफ करा म्हटलं. त्यांनी डब्यातला बोंबलाचा तुकडा माझ्या हातावर ठेवला आणि आधी जेव म्हणाल्या.

शनिवारी चार वाजता अठरावं मशीन सुरू झालं. साहेबांनी कागदावर सही केली. वडिलांनी तो फॉर्म पुढे बरीच वर्षं कपाटात ठेवला होता, पण त्याचा विषय काढला नाही. पाहुण्यांना मात्र ते सांगायला लागले की आमची मुलगी कॉम्प्युटरची डॉक्टर आहे. मी त्यांना कधी दुरुस्त केलं नाही.

त्या नोकरीने मला उभं केलं. पुढे मी वसईतच एव्हरशाईन सिटीत स्वतःचं छोटं ऑफिस काढलं, पन्नास-पन्नास मशीन एका वेळी लावली. आजही कुठल्याही नव्या जागी गेले की केबल बघायच्या आधी मी तिथला चहावाला, सफाईवाली, शिपाई यांना भेटते आणि काय करणार आहे ते सांगते. माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांना हे विचित्र वाटतं. मला त्याचं काही वाटत नाही. माझं निम्मं यश त्या एका सवयीचं आहे आणि ती सवय मला मावशींनी लावली.

पण मनात एक काटा राहिलाच होता. त्या दुपारी मी काय सांगायला आत गेले होते, हे मी मावशींना कधी बोलले नव्हते. कितीतरी वर्षांनी पाचूबंदरला त्यांना भेटायला गेले. त्या बऱ्याच थकल्या होत्या, पण ओळख पटली. अंगणात खाटेवर बसून आम्ही इकडचं तिकडचं बोललो आणि मग मी ते सांगून टाकलं. म्हटलं, मावशी, त्या दिवशी तुम्ही स्वतःहून बोललात म्हणून. नाहीतर मी तुमचं नाव घ्यायलाच आत गेले होते.

त्यांना जराही नवल वाटलं नाही. त्यांनी माझा हात हातात घेतला.

“मना ठाव होता, बाय. तुजा तोंड बघूनच कळला. म्हनून तं साडेतीनचा च्या दोनलाच घेऊन आले.”