दोन रावांची कृष्णवेणीअक्का

छापलेलं ते खरं, आणि कम्प्यूटरनं छापलं तर दुप्पट खरं, असं मानणाऱ्यांतला मीही होतो. कृष्णवेणीअक्कानं ती खोड मोडली. १९९४ साली. रागानं माझे कान लाल झाले होते तेव्हा.

कुंभकोणमजवळच्या नाचियार्कोविलला पितळी समया घडतात, ठाऊक आहे सगळ्यांना. त्या घासून चकचकीत करणाऱ्यांच्या छातीत काय जातं, ते कोणी विचारत नाही. आम्ही, कामगार संघटनेच्या लोकांनी, विचारलं. पहिला अर्ज कामगार अधिकाऱ्यानं परत केला, कारण आम्ही ज्या पुस्तकाचा दाखला दिला होता, त्यात ती गोष्टच नव्हती. भर कचेरीत हसू झालं. दुसरी सुनावणी सोमवारी होती. पुन्हा हसले असते, तर तिसरी मिळाली नसती.

म्हणून मद्रासला शिकणाऱ्या सेतूनं अहवाल कम्प्यूटरवर केला. संदर्भ सांभाळणारं सॉफ्टवेअरच होतं त्याच्याकडे. पुस्तकांची नावं एकदा भरायची, मग मजकुरात कंस आणि शेवटी यादी, सगळं आपोआप. एकसष्ट संदर्भ, एक स्वल्पविराम चुकलेला नाही. मी तो गठ्ठा अक्काकडे नेला तो केवळ शुद्धलेखनासाठी.

अक्का म्हणजे आमच्यातलीच, तंजावरी मराठी. वीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली. छापखाना बंद पडल्यावर कुंभकोणममधल्या घराच्या ओट्यावरच काम घेऊ लागली. तिची रीत न्यारी. यादीकडे ती बघायचीच नाही. मजकुरातला एकेक कंस चिठ्ठीवर उतरवायची, मूळ पुस्तक मागवून घेऊन त्या ओळीवर बोट ठेवायची आणि मगच चिठ्ठी केळीच्या सोपाच्या धाग्यात ओवायची, हार गुंफतात तशी. ओवली ती खरी. न ओवलेली मांडीवर.

शुक्रवारी दुपारी मांडीवर एकच चिठ्ठी उरली. ‘राव, १९८७.’

"रघुनाथा, हें पान पितळ ओतण्याविषयीं आहे. छातीचें नांव नाहीं यांत."

"अक्का, कम्प्यूटरनं लावलंय ते!"

"मग कम्प्यूटरालाच पाठीव सोमवारीं."

मी ओरडलो. काय ओरडलो ते लिहीत नाही. तिनं चष्मा पुसला आणि माझ्याबरोबर आलेल्या सेतूला विचारलं, "एस. राव किती होते रे?"

सेतू गडबडला. "दोन. एकाच साली दोघांचे लेख. पडद्यावर प्रश्न आला, हे दोन एकच आहेत, एक काढू का? मी ‘हो’ दाबलं."

"अय्यो! रावसुद्धां आडनांव झालें काय? आमच्यांत दारावरच्या कुत्र्याला तेवढें राव म्हणत नाहींत."

सेतू हसला. चूक त्याची नव्हती. ‘आडनावाच्या खणात काय भरू?’ असं त्यानं मला विचारलं होतं, आणि मीच ऐटीत म्हणालो होतो, ‘राव भर. आपण राव ना!’ पितळाचे श्रीनिवासराव उरले आणि कामगारांच्या छातीचे एक्स-रे काढणारे डॉक्टर सेतुमाधवराव यादीतून गेले.

डॉक्टर निवृत्त होऊन पट्टीश्वरमला राहत होते. शनिवारी सकाळच्या बसनं अक्का माझ्याबरोबर आली. लेख आणून देतो म्हटलं तरी ऐकेना. डॉक्टरांनी ट्रंकेतून छापील प्रत काढली. अक्कानं बोट फिरवलं आणि ते मध्येच थांबलं.

"चाळीस जणांत एकोणीस जणांची छाती बिघडलेली. तूं काय लिहिलास?"

"निम्म्याहून अधिक."

"एकोणीस म्हणजे निम्मे नव्हेत."

"एकदोनानं काय फरक पडतो, अक्का? अधिक लिहिलं की जोर येतो!"

"जोर तुझ्या गळ्यांत आहे, तो पुरे. कागदावर एकोणीसच."

डॉक्टर तोंड फिरवून हसत होते. परतीच्या बसभर मी धुसफुसत होतो. पण ओळ बदलली आणि डॉक्टरांचं नाव यादीत परत घातलं.

सोमवारी मालकांचे वकील हनुमंतराव थेट त्याच पानावर आले. "हे एस. राव पितळाचे तज्ज्ञ ना?" त्यांनी अधिकाऱ्याला विचारलं. बहुधा पहिल्या मसुद्याची प्रत त्यांच्या हाती लागली होती. मी डॉक्टरांचा लेख पुढे सरकवला. अधिकाऱ्यानं आधी अहवाल वाचला, मग लेख, मग पुन्हा अहवाल.

"एकोणीस. जुळतं," तो म्हणाला. "सध्या घासकामाला किती जण आहेत?"

"बहात्तर."

"सगळ्यांचा एक्स-रे. खर्च मालकांचा."

संध्याकाळी मी ओट्यावर गेलो. अक्का दुसऱ्या कुणाच्या तरी प्रबंधात बुडाली होती.

"जिंकलो, अक्का!"

"लिहून दिलेत काय?"

हुकूम पुढे केला. तिनं तो सहीशिक्क्यापर्यंत वाचला, घडी घालून माझ्या हातात दिला.

"मग इथें काय बसलास? नाचियार्कोविलची बस आहे आतां. त्यांना सांग जा."