ओलेत्यानं घातलेल्या माळा

नवरात्राची तयारी मी आठवडाभर आधीच सुरू करते. रानातली माती चाळून, पाच धान्यं निवडून आणि नवं मडकं आणून ठेवलं, की मग बाकीचं घर हातात घेते. मडक्याला मात्र काही म्हणजे काही करत नाही. हे शहाणपण मला लग्नानंतरच्या पहिल्या नवरात्रात आलं.

लढाईचे दिवस होते. माझं माहेर सांगली शहरातलं, सासर साताऱ्याजवळच्या खेड्यात. माहेरी देवीपुढं तांदळाच्या राशीवर तांब्याचा कलश असे. सासरी पत्रावळीवर माती पसरून त्यात धान्य पेरायचं, मधोमध पाण्यानं भरलेलं मातीचं मडकं बसवायचं आणि नऊ दिवस वरून रोज एक फुलांची माळ सोडायची. दसऱ्याला त्या घटाचे कोंब पुरुष टोपीत खोवत. त्या वर्षी आमचे मालक रजेवर आले होते आणि दसरा झाला की पलटणीत परतणार होते. घरचा कोंब टोपीत असल्याशिवाय आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, त्यांना उंबरा ओलांडू देणार नव्हत्या. आणि नेमका त्याच वर्षी त्यांनी घट माझ्यावर सोपवला. नव्या सुनेच्या हाताला काय उगवतंय ते बघायला आळीतल्या बायका टपलेल्याच होत्या.

मी मडकं आधीच पाणी भरून तपासलं, तर ते बाहेरून पाझरत होतं. कुंभारानं फसवलं असं समजून मी ते वाळवलं, करडईचं तेल चोळलं, चुलीवर शेकलं आणि पुन्हा तेल चोळलं. माहेरी कालवणाच्या नव्या मडक्याला असंच करत. मग एक थेंब बाहेर येईना. मी निश्चिंत मनानं घट बसवला.

चौथ्या माळेपर्यंत घरोघरी मोड वर आले. आमच्या मातीला भेगा पडल्या. शेजारची म्हातारी डोकावून गेली आणि शहरातल्या हाताला मातीची ओळख कुठली असणार, असं मला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं बोलून गेली. मालकांच्या टोपीत काय खोवायचं, या विचारानं मी दिवसातून दहादा ती कोरडी माती न्याहाळू लागले.

आत्याबाईंनी मडक्यावरून बोट फिरवलं, त्याचा वास घेतला आणि मला विचारलं. मी केलेलं सगळं क्रमानं सांगितलं. त्यांनी तोंडाला पदर लावला. मला वाटलं, रडतायत. त्या हसत होत्या.

"अगं पोरी, ते पाझरायलाच पायजे. घट म्हंजी बाईच हाय. तिच्या अंगची ओल मातीला लागती, तवा उगवतं. तू तिला तेल लावून न्हाऊ घालून बसवलीस व्हय?"

मी दुसरं मडकं आणते म्हटलं. पण एकदा बसवलेला घट उठेपर्यंत हलवायचा नाही, आणि तांब्यानं वरून पाणी ओतायची त्या घरात रीत नव्हती. आत्याबाईंनी मातीच्या भेगा बोटानं चाचपल्या.

"उद्यापासनं ओलेत्यानं माळ घाल," त्या म्हणाल्या. "न्हालीस की लुगडं पिळायचं न्हाई. अन् माळ घालताना घाई करायची न्हाई."

मग रोज पहाटे मी निथळत्या नऊवारीत घटाजवळ उभी. माळ बांधायला मला भलताच वेळ लागू लागला. पदर नेमका मातीवर येईल असं मी बघत होते, आणि आत्याबाई दारात पाठ करून बसत, म्हणजे त्यांना काही दिसायला नको.

दसऱ्याला कोंब वर आले होते, पण तिरके. मी उभी राहत होते त्या बाजूला वीतभर, भिंतीकडं जेमतेम बोटभर. मालक पाटापाशी वाकून बघत राहिले आणि हे असं एकांगी कसं, म्हणून त्यांनी आईला विचारलं.

"देवी त्या अंगाला हुबी ऱ्हायली व्हती," आत्याबाई म्हणाल्या.

तेवढ्यात मला शिंका आल्या. एकामागून एक. मालकांनी माझ्याकडं पाहिलं, मग घटाकडं.

"आये, देवीला लय पडसं झाल्यालं दिसतंय."

आत्याबाईंनी सगळ्यांत उंच कोंब खुडला आणि त्यांची मान खाली दाबून टोपीत घट्ट खोवला. ते हसतच उंबऱ्याबाहेर पडले. ते आळीच्या वळणापर्यंत दिसत होते, आणि कोंबही. मग आत्याबाईंनी माझ्यासाठी आल्याचा काढा उकळायला ठेवला.