हरेपर्यंत रजा

आमच्या कुंभारीच्या फुटबॉल क्लबाकडे बॉल तीन आहेत, त्यातल्या एकात हवा टिकत नाही. किस्से मात्र इतके साठलेत की चहाला चौघं जमले की मॅच राहते बाजूला आणि हेच सुरू होतं. गेल्या वर्षी आम्ही गोव्याला देशभरातल्या क्लबांच्या नॉकआउट स्पर्धेला जाऊन आलो, तेव्हापासून तर विचारूच नका. स्पर्धा नवीन, जेमतेम दुसरं वर्ष. आमच्या भागातून आम्ही कसे काय जिंकलो, याचं आम्हालाच अजून कुतूहल आहे!

माझं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे. म्हणून मी मॅनेजर. फुटबॉलला माझा पाय अजून लागलेला नाही.

*

स्पर्धेचा फॉर्म आला बारा पानांचा. फिजिओचं नाव, बसचा नंबर, काय काय! आमचे कोच गड्डम सर, शाळेतून रिटायर झालेले पीटीचे मास्तर, शेजारी बसून उत्तरं सांगत होते. एका रकान्यात विचारलं होतं, ‘होम स्टेडियमची प्रेक्षकक्षमता किती?’

आमचं मैदान म्हणजे मुरमाचा माळ. एका अंगाला उतार, दुसऱ्या अंगाला बाभळी. मी म्हटलं, “सर, काय लिहू?”

“अमर्याद लिही,” सर म्हणाले. “भिंतच न्हाई की!”

*

खरी पंचाईत झाली आमच्या गोलकीपरची. सिद्धाराम चिंचोळीच्या एमआयडीसीत एका कंपनीत मशीनवर आहे. फुटबॉलपायी त्याचे त्या वर्षात दोन खाडे झाले होते आणि तिसरा झाला तर गेटवरूनच परत, असं त्याला स्पष्ट सांगितलं होतं. घरी बायको, दोन पोरी. आणि दुसरा गोलकीपर आमच्याकडे नाही.

त्याचे सुपरवायझर बिराजदार साहेब. माणूस कागदाचा. कुणी अर्जात ‘दोन-तीन दिवस’ लिहिलं की ते अर्ज परत करायचे. “दोन का तीन? अर्जात जे लिवलंय तेवढंच मी बघतो. तोंडी काय बी सांगायचं न्हाई.”

आता नॉकआउटला रजा किती दिवसांची मागायची? एक दिवस लिहावा आणि जिंकलो, तर पुढे खाडा. आठ दिवस लिहावेत आणि पहिल्याच मॅचला हरलो, तर हा घरी बसून खोटी रजा खाणार. सिद्धाराम माझ्या दुकानात तासभर डोकं धरून बसला. शेवटी म्हणाला, “जे खरं हाय तेच लिव्ह.”

मी टाइप केलं, ‘तरी मला सदर स्पर्धेत हरेपर्यंत रजा मिळावी, ही विनंती.’

बिराजदार साहेबांनी म्हणे तो अर्ज तीनदा वाचला. चौथ्यांदा चष्मा पुसून वाचला. मग खाली लिहिलं, ‘मंजूर. लवकर हरावे.’

*

पहिली मॅच. टॉस जिंकला आमच्या कॅप्टननं, इरफाननं. घरी टॉस जिंकला की पहिला हाफ उताराच्या बाजूनं खेळायचं, ही आमची वर्षानुवर्षांची रीत. रेफरीनं विचारलं, कुठली बाजू? इरफान म्हणाला, “साब, ढलान किधर है?”

रेफरीनं नाण्याकडे बघितलं, मैदानाकडे बघितलं. ढलान नाहीच म्हणाला. इरफान घाबराघुबरा पळत आला. “सर, ढलानच नै बोल रहा वो! अब?”

“अब फुटबॉल खेळा!” गड्डम सर ओरडले.

जिंकलो की राव! दोन-एक.

संध्याकाळी सिद्धारामचा फोन वाजला. बिराजदार साहेब. “हरलास का?”

“न्हाई साहेब. जिंकलो.”

पलीकडून प्रश्न आला, “एक मॅच किती वेळ असती?”

*

दुसरी मॅच बिदरच्या टीमशी. आमची पोरं मैदानात एकमेकांना ओरडतात ते कन्नड, तेलुगू, दखनी, मराठी, जे तोंडाला येईल त्यात. समोरच्याला पत्ता लागत नाही, हे आमचं मोठं हत्यार. इरफाननं दखनीत सांगितलं, डावीकडून घाल. बिदरवाले आधीच डावीकडे उभे! कन्नडमध्ये सांगून बघितलं, तेलुगूत सांगून बघितलं. चारही भाषा त्यांना आमच्यापेक्षा चांगल्या येत होत्या.

हाफटाइमला सरांनी नवी स्ट्रॅटेजी दिली. “गप खेळा!”

पंचेचाळीस मिनिटं आमची टीम मुक्यानं खेळली. एक-शून्य.

संध्याकाळी फोन. “परत जिंकलास?” आवाजात तक्रार होती. “आन् बरोबरी झाली तर काय करत्यात?” सिद्धारामनं पेनल्टीचं सगळं समजावून सांगितलं. फोन ठेवून आम्हाला म्हणाला, “सायेब लईच चिडल्यात वाटतं.” त्या दिवशी तो नीट जेवला नाही. मला त्याची खरंच काळजी वाटली.

*

तिसरी मॅच नव्वद मिनिटांत एक-एक. मग पेनल्टी. सिद्धारामनं दोन अडवल्या, दुसरी अडवताना उजव्या हाताची दोन बोटं सुजून केळ्यासारखी झाली. पण आमच्या पोरांना सवय मुरमावरनं चढाकडे मारायची. सपाट गवतावरनं त्यांचे तीन बॉल गोलपोस्टवरून पार प्रेक्षकांत गेले. हरलो. सिद्धारामनं मोबाइल बंद करून बॅगेत टाकला.

सोमवारी सकाळी मीच त्याला स्कूटरवर कंपनीत नेलं. आठवडा उलटला होता. माझ्या खिशात टाइप केलेला माफीचा अर्ज. गेटजवळच्या केबिनमध्ये बिराजदार साहेबांनी फाइल उघडली, तो जुना अर्ज काढला आणि सिद्धारामच्या पट्टी बांधलेल्या हाताकडे एकदा बघितलं.

“हरलास?”

“व्हय, साहेब.”

“नव्वद मिनिटं झाली तवा किती हुते?”

“एक-एक.”

“म्हंजे बरोबरी.”

“व्हय, पण पेनल्टीत...”

“पेनल्टीचे गोल मॅचमधी धरत्यात का?”

सिद्धारामनं माझ्याकडे बघितलं. मी गड्डम सरांकडून ऐकलं होतं, तेवढं सांगितलं, “नाही साहेब. कागदावर मॅच बरोबरीतच राहते.”

साहेबांनी ‘हरेपर्यंत’ या शब्दावर बोट ठेवलं, अर्ज परत फाइलमध्ये लावला आणि फाइल मिटली.

“मग रजा चालू हाय. घरी जा. बोटं बरी झाली की हरून ये!”