आक्कांच्या परातीतलं मतदान

आमच्या आक्का गांडुळांना 'माणसं' म्हणत. "मानसं उपाशी हायेत, मी निघते," म्हणून त्या लग्नाच्या पंगतीतून उठल्या की शेजारी बसलेली पाहुणी हळूच विचारी, यांच्या घरी खाणारी तोंडं किती आहेत? तालुक्याहून आलेल्या शेतीच्या साहेबांना त्यांनी एकदा सांगितलं, "वाफं चार, आन् एकेका वाफ्यात हजारभर मानसं." साहेबांनी वहीत मजूर म्हणून लिहून घेतलं.

आक्का म्हणजे माझ्या थोरल्या नणंदबाई. लग्नानंतर काही वर्षांतच माहेरी परतल्या, पारनेर तालुक्यातल्या आमच्या गावी, आणि भावानं दिलेल्या अर्ध्या एकरात एक खोली बांधून राहिल्या. जमीन चुनखडीची, पांढुरकी. वाटणीच्या वेळी मी नवऱ्याला म्हटलं होतं, "द्या की तोच तुकडा, नाहीतरी तिथं कुसळंच येतात." असा माझा उदारपणा. त्या कुसळांच्या जागी आक्कांनी कांदा घेतला, घेवडा घेतला, बांधाला शेवगा लावला, आणि दह्याच्या विरजणासारखी गावभरच्या बायांना गांडुळं वाटली.

त्यांचं दुसरं वेड कोळशाचं. तूर झोडून झाली की तुराट्या खड्ड्यात पेटवायच्या, आणि निखारे लाल झाले रे झाले की वरून पाणी. आम्ही चुलीपुढं जन्म काढलेल्या बाया, धडधडीत निखारा विझवताना आमचा जीव हळहळायचा. "जळू द्या की पुरतं," मी म्हणायची. त्यावर आक्कांचं ठरलेलं उत्तर, "काळं ते मातीचं, पांढरं ते भांड्याचं." म्हणजे कोळसा शेताला, राख घासायला.

बरं, तो कोळसाही तसाच घालायचा नाही. ठेचायचा, शेणकाल्यात पंधरा दिवस भिजत ठेवायचा, मग मातीत कालवायचा. कुणी घाई केली की म्हणत, "कोरडा कोळसा उपाशी असतो बाई. त्याला आधी जेवू घाल. न्हाईतर मानसांच्या अंगावरची ओल पितो. त्यांना कुठं नाक हाय? कातड्यानं दम घेत्यात ती. कातडं सुकलं का संपलं."

हे सगळं मी ऐकलं होतं, पण एकाच कानानं. दुसऱ्या कानात माझा स्वतःचा आवाज असायचा. मी बचत गटाची अध्यक्ष. दोन दिवसांच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र काच लावून देवांच्या तसबिरींच्या रांगेत टांगलेलं. पन्नाशी गाठली होती, अक्कल मागून चालत येत होती. त्यातून माझी राखेवर भारी श्रद्धा. कांद्याच्या रोपाला कीड, राख टाका. ज्वारीला सोंडकिडे लागले, राख मिसळा. नवरा म्हणायचा, "हिला कुनी अडवलं न्हाई तर चहात बी घालंल."

एका वर्षी पावसानं पाठ फिरवली. टँकर यायचा, माणशी मोजून हंडे मिळायचे. गटातल्या सगळ्यांचे वाफे वाळले. जिवंत राहिला तो आक्कांचा एकच वाफा, लिंबाखाली विटांनी बांधलेला, ओल्या पोत्यानं झाकलेला. त्या आपल्या हंड्यातलं पाणी त्याला पाजायच्या. अकरा बायांचं पुढचं सगळं खत त्या वाफ्यावर होतं. तो गेला असता तर विरजणच संपलं असतं. बाहेरून आणलेली गांडुळं आमच्या चुन्याच्या मातीत तगतील याचा भरवसा नव्हता. आक्कांची इथं रुळायला काही वर्षं गेली होती.

अशात आक्कांना भाचीच्या डोहाळजेवणाला दोन दिवस जावं लागलं. निघताना मला म्हणाल्या, "सुमन, पानी तेवढं शिंपड. दुसरं काय बी करू नको."

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहते तो वाफ्यावर मुंग्यांची रांग. अध्यक्षांनी ताबडतोब निर्णय घेतला. चुलीतली आणि बंबातली मिळून तीन घमेली राख पसरली. वर, आक्कांनी सांगितलं होतं म्हणून, पाणीही शिंपडलं. म्हणजे राखेचा होता नव्हता तो सगळा खार मी स्वतःच्या हातानं खाली उतरवला. दुपारपर्यंत मुंग्या पळाल्या. संध्याकाळी पाहिलं तर आक्कांची माणसंही पळाली होती. विटांवरून उतरून तापल्या जमिनीवर पडली होती, वाळत घातलेल्या शेवयांसारखी.

सकाळी आक्का आल्या. तोवर गटाच्या बायाही जमल्या होत्या. मी सगळ्यांदेखत सांगून टाकलं, "आक्का, मुंग्यांनी खाल्ली हो." आक्का वाफ्याशी बसल्या. चिमूटभर माती बोटांत चोळली. माझ्याकडं न बघता, मला एकटीलाच ऐकू येईल असं म्हणाल्या, "मुंग्या चुलीतनं आल्या व्हत्या का गं?"

एवढंच. मग त्यांनी वरचा पांढरा थर तळहातानं अलगद काढला. खाली खणत गेल्या. अगदी तळाशी, विटेच्या ओलीला धरून, गुंतलेल्या लोकरीच्या गुंड्यासारखा गांडुळांचा एक गोळा सापडला. ओंजळभरही नव्हता. जेवू घातलेला कोळसा आणि कुजलेलं शेण घालून त्यांनी नवा वाफा केला आणि तो गोळा त्यात ठेवला. पाऊस येईपर्यंत त्या वाफ्याचं पाणी मी वाहिलं, माझ्या हंड्यातलं. अर्ध्या तांब्यात अंग पुसून घ्यायची. नवऱ्याला वाटलं, हिनं कसलं तरी व्रत धरलंय.

गांडुळं तगली. पावसाळ्याच्या अखेरीस वाफा पुन्हा भरला, तेव्हा वाटप करण्याआधी आक्कांनी बायांना बोलावलं. तीन पराती मांडल्या. प्रत्येकीत अर्ध्या बाजूला साधी माती. दुसऱ्या अर्ध्यात एकीत राख कालवलेली, एकीत कोरडा कोळसा, एकीत भिजवलेला कोळसा. मधोमध दहा-दहा गांडुळं सोडली आणि वर ओलं पोतं टाकलं. "आपन कशाला भांडायचं? मानसांचं मतदान घिऊ," आक्का म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी पोती उचलली. राखेच्या बाजूला एकही नव्हतं. कोरड्या कोळशात एकच, तेही कडेला. भिजवलेल्या कोळशात निम्मी सुखानं बसली होती.

"राखेचं डिपॉझिट गेलं," गटातली रखमाबाई म्हणाली. सगळ्या हसल्या. सगळ्यात मोठ्यानं मी.

पुढं परातीतलं ते मतदान घेऊन आक्का गावोगाव फिरल्या. कॉलेजची मुलं माती तपासायचं यंत्र घेऊन आली. त्यातली एक मुलगी म्हणाली, "आजी, इथल्या मातीत खार आधीच जास्त आहे, राखेनं तो आणखी वाढतो." आक्का म्हणाल्या, "व्हय, आमी बी मतं मोजूनच काढलं ते." पण राखेला त्यांनी कधी शिवी दिली नाही. "कोकनातल्या लाल मातीला चिमटीनं चालत आसंल. ज्याच्या घरी चुन्याची भट्टी, त्यानं चुना कशाला आनायचा?" असं बोलणारी बाई चौथी शिकलेली होती आणि माझी नणंद होती. हे मी आता ओळख नसलेल्यांनाही सांगते.

चार वर्षांपूर्वी आक्का गेल्या. तेरावं झाल्यावर गट जमला. अध्यक्ष म्हणून मी चार चांगली वाक्यं पाठ करून गेले होते. उभी राहिले आणि तोंडातून भलतंच आलं. "तो वाफा मुंग्यांनी खाल्ला नव्हता. राख मी घातली होती."

मग रखमाबाईनं पदर सावरला. "म्हाईत हाय आमाला. त्या दिशी तुमच्या कोपरापातूर राख व्हती."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"आक्कांनी बजावलं हुतं. सुमन तिच्या तोंडानं सांगंल तवा परात तिच्याकडं द्या. तवर कुनी शबूद काढायचा न्हाई."

आक्कांनी मला वेळ दिला होता. मी तो सगळा वापरला, त्या जाईपर्यंत.

परात आता मी नेते. पोरी गोल करून बसतात, कुणाच्या मांडीवर लेकरू, कुणाच्या हातात मोबाईल. मी आधी त्यांना सांगते की मी तीन घमेली राख घालून एक भरला वाफा मारलाय, आणि वर खोटं बोललेय. त्यांचं हसून होऊ देते. मग पोतं उचलते.