सोळा वारांचा दोर

तात्या गेल्याचं कैलासनं शाळेत येऊन सांगितलं. कैलास म्हणजे आमच्या कळस गावच्या हॉकी संघाचा जुना गोलरक्षक. लूना फाटकाशी लावून तो वर्गाच्या दारात आला. "सर, तात्या गेलं..." एवढंच म्हणाला. मी खडू खाली ठेवला आणि मुलांना धडा वाचायला सांगितलं. त्याला आता महिना होऊन गेला. चार वर्षं मनात दाबून ठेवलेली एक गोष्ट तेव्हापासून मला स्वस्थ बसू देत नाही.

तात्यांनी स्टिक कधी हातात धरली नाही. उमेदीची वर्षं मेंढरांमागं गेली, पुढं थोडी शेती आली, तरी कळप त्यांनी मोडला नाही. पुण्यात शिकताना लागलेलं हॉकीचं वेड मी गावात आणलं, तेव्हा पहिल्यांदा हसले ते तात्याच. पोरांचे मणके जातील म्हणाले. मग महिन्याभरात मैदान स्वतःच्या मालकीचं असल्यासारखे वागू लागले. गवत वाढलं की कळप आत घालायचे, मेंढरांनी ते मुळापर्यंत खाल्लं की बाभळीची फांदी फिरवून लेंड्या झाडायचे. खतासाठी शेतात कळप बसवा म्हणून लोक धान्य देऊन बोलवायचे, पण मैदानावर गवत वाढलेलं असलं की यांचा नकार ठरलेला. गोलसमोरचा डी, म्हणजे अर्धगोल, आखायला त्यांनी लोकरीचा दोर वळला होता. मोजून सोळा वार. एक टोक खांबाला, दुसरं त्यांच्या काठीला, मागं राखेची रेघ.

चार वर्षांपूर्वी आम्ही बारामतीच्या संघाशी अजिंक्यपदाच्या तीन सामन्यांसाठी उभे राहिलो, ते बहुतेकांच्या मते चुकून. चहाच्या टपरीवर आमची रोज टिंगल व्हायची. पोरांना धड बूट नाहीत, दुसऱ्याच दिवशी गाशा गुंडाळून परत येतील, असं लोक बोलायचे. तात्या एकटे सगळ्यांना पुरून उरायचे. बारामतीकर मान वर करून खेळतात, आपली पोरं खाली बघून खेळतात, आणि चेंडू असतो खालीच... हा त्यांचा मुद्दा. मी पोरांना नेमकं उलटं शिकवत होतो, पण तात्यांना कोण सांगणार!

निघायच्या आदल्या संध्याकाळी ते मैदानावर आले.

"गुरुजी, एकदा तुमच्या तोंडानं सांगा. पोरं मैदान मारतील न्हवं?"

मी हसलो आणि बघू म्हणालो. खरं सांगायचं तर मला वाटत नव्हतं. टपरीवरच्या लोकांसारखंच मलाही वाटत होतं, फक्त मी ते बोलत नव्हतो.

पहिला सामना आम्ही जिंकलो, दुसरा हरलो. तिसऱ्याच्या आधी मी घाबरलो. पोरं पुढं गेली आणि मागून पाच-सहा गोल बसले तर गावात तोंड कसं दाखवायचं? पुढच्या फळीलाही मी बचावाला मागं ओढलं. शेवटच्या काही मिनिटांपर्यंत गोल नाही... मग एक झाला, आणि तोच पुरला. गावानं आमचं कौतुक केलं, एकाच गोलनं हरलो म्हणून. मीही ते कौतुक निमूट घेतलं.

परतताना एसटीत तात्या शेजारी बसले होते. काटेवाडी मागं पडल्यावर हळूच म्हणाले, "तुमी पोरं राखली, गुरुजी. चरायला सोडलीच न्हाईत."

त्यात राग नव्हता, म्हणून जास्त लागलं. नंतरही ते मैदानावर कळप आणत राहिले, डी आखत राहिले, पण पोरं जिंकतील का असं मला पुन्हा कधी विचारलं नाही. चूक माझी होती, हे मी त्यांना सांगायला हवं होतं. रोज भेटायचो, रोज उद्यावर टाकायचो. मला लाज वाटत होती, बाकी काही नाही.

दहाव्यानंतर त्यांच्या घरी गेलो तेव्हा काकूंनी तो दोर हातात ठेवला. गुरुजींचा हाय, असं ते सांगून गेले होते म्हणे.

काल नव्या पोरांसाठी मी पहिल्यांदाच एकट्यानं डी आखला. काठी नव्हती, स्टिकच बांधली. रेघ वाकडी आली. उद्या कळंबला सामना आहे. एका पोरानं विचारलं, "सर, आपण जिंकू ना?"

"व्हय," म्हणालो. शाळेत मी तसं बोलत नाही, पोरं हसली. दोर गुंडाळताना त्याला अजून मेंढरांचा वास येत होता. 'व्हय' हा एक शब्द तात्यांना हवा होता... चार वर्षं.