तळघरातली उशी

मार्लिस प्रेबिचला माणसांची किळस यायला सुरुवात होते ती तळघराच्या जिन्यावर. वर दिवाणखान्यात सगळे सारखेच असतात. बूट काढायला सांगतात, कॉफी विचारतात, थंडीबद्दल बोलतात आणि कसं चाललंय म्हटलं की "तसं वाईट नाही" म्हणतात. खाली उतरलं की माणूस उघडा पडतो. अमेरिकेच्या उत्तरेला मेसाबीच्या लोखंडाच्या खाणपट्ट्यात घरोघरच्या, घर गरम ठेवणाऱ्या गॅसच्या भट्ट्या आणि एसी दुरुस्त करण्यात तिचं अर्धं आयुष्य गेलं आहे, आणि या अर्ध्या आयुष्यात तिने जे पाहिलं ते जेवणाच्या टेबलावर सांगता येत नाही. नवरा होता तेव्हाही सांगत नसे.

उन्हाळा त्यातल्या त्यात बरा. एसी थंड करत नाही म्हणून फोन येतो. ती जाते, तर घराबाहेरच्या यंत्राच्या जाळीवर शेजारपाजारच्या कुत्र्यांनी वर्षानुवर्षं पाय वर केलेले असतात आणि ॲल्युमिनियमच्या पात्यांचा भुगा झालेला असतो. मालक शेजारी उभा राहून म्हणतो, "गंज चढला वाटतं." पाणी गळतंय म्हणून बोलावतात. नळीत बोट घातलं की कफासारखा बुळबुळीत गोळा हाताला येतो, कारण वर्षातून एकदा त्या नळीतून गरम पाणी ओतायचं असतं हे कुणाच्या गावी नसतं. एका बाईने गार होत नाही म्हणून थर्मोस्टॅटचा आकडा तळाला नेऊन ठेवला होता. आतल्या नळ्यांवर बर्फाची लादी धरली, वारा यायचाच बंद झाला, तर बाईने तो आणखी खाली करता येईल का म्हणून विचारलं. फिल्टर कधी बदलला, या प्रश्नावर तर लोक तिच्याकडे असे बघतात, जणू तिने आतले कपडे कधी बदलले म्हणून विचारलं.

हिवाळ्यात मात्र दारंखिडक्या बंद असतात आणि सगळ्या वासांना तेच घर पुरवून पुरवून वापरावं लागतं.

हा धंदा मूळ तिच्या नवऱ्याचा, एमिलचा. खाणीतून त्याला कमी केलं तेव्हा त्याने भट्ट्यांचं काम शिकून घेतलं. पण एमिल देहाने अवाढव्य होता. जुन्या घरांखाली पोटावर सरपटत जायच्या जागा असतात, तिथे तो मावत नसे. मग मार्लिसने आत जायचं आणि त्याने बाहेरून टॉर्च धरून सूचना द्यायच्या. काही वर्षांनी सूचनांची गरज उरली नाही. आणखी काही वर्षांनी एमिलही उरला नाही. व्हॅनवरचं नाव तेच राहिलं.

एमिलचा थोरला भाऊ लुडविक याला हे कधी पचलं नाही. खाणीत अजस्र ट्रक चालवून निवृत्त झालेला हा माणूस रोज सकाळी पेट्रोल पंपावरच्या कॉफीच्या दुकानात खिडकीजवळच्या टेबलावर बसायचा. तिथे त्याच्याच वयाची चार-पाच डोकी जमायची. चामड्याच्या पेल्यात फासे खुळखुळवायचे आणि जो हरेल त्याने सगळ्यांची कॉफी पाजायची, हा तिथला रिवाज. फासे फिरत असताना लुडविक बोलत असे.

"आमच्या डॉक्टरीणबाईंना बोलावू नका," तो म्हणायचा. "फिल्टर बघायला येईल आणि नवी भट्टी गळ्यात मारून जाईल."

हे सगळं मार्लिसच्या कानावर यायचं. आणि त्या टेबलावरच्या कुणाच्याही घरून तिला फोन आला नाही, हे तिच्या लक्षात होतं.

जानेवारीच्या शेवटी पारा उणे तीसला जाऊन बसला आणि एका सकाळी लुडविकचा फोन आला.

"लुडविक बोलतोय."

"कळलं."

"तू यायचं कारण नाही. भट्टी लागते, थोडा वेळ चालते, बंद पडते, परत लागते. नुसतं सांग काय करायचं."

"फिल्टर बदललास?"

"तो बदलायचा असतो?"

"एमिलने तुला दहादा सांगितलं होतं."

"एमिल काय, काहीही सांगायचा."

"जमिनीवरच्या जाळ्या उघड्या आहेत सगळ्या?"

"रिकाम्या खोल्यांच्या बंद केल्यात. तिथे ऊब कुणाला घालू, भुतांना?"

"म्हणूनच बंद पडते. गरम हवेला जायला वाट नाही, भट्टी आतल्या आत तापते आणि स्वतःच विझते. फिल्टर काढ, जाळ्या उघड."

"बघतो. पण आत्ता नाही जात खाली. डोकं फुटतंय. फ्लू आहे, गावात सगळ्यांनाच आहे."

"ताप आहे?"

"ताप नाही. मळमळतं. पंपावर गेलो की जरा बरं वाटतं, घरी आलो की पुन्हा सुरू."

मार्लिसने हातातला टोस्ट खाली ठेवला.

"लुडविक, कोट घाल आणि बाहेर पोर्चमध्ये येऊन बस. मी निघाले."

"या थंडीत? वेड लागलंय का तुला?"

"बस म्हणते ना."

अर्थातच तो बसला नव्हता. ती पोचली तेव्हा तो दारात आडवा उभा होता. तोंड लालबुंद, डोळे जड, आणि गालात तंबाखू.

"खाली जरा पसारा आहे," तो म्हणाला.

"मी भट्टीवर मेलेला रॅकून हाताने काढलाय. हो बाजूला."

दारातून पाऊल आत टाकलं आणि तिच्या कमरेचं मापक किंचाळायला लागलं. कार्बन मोनॉक्साइड, म्हणजे भट्टीच्या धुरातला बिनवासाचा विषारी वायू, मोजायचं ते यंत्र तिने क्वचितच इतकं जोरात ऐकलं होतं. तिने लुडविकला दंडाला धरून व्हॅनमध्ये नेऊन बसवलं, हीटर चालू केला, परत आली, थर्मोस्टॅट बंद केला आणि पुढचं-मागचं दार सताड उघडं टाकलं. खिडक्यांचा उपयोग नव्हता. सगळ्या खिडक्यांना आतून प्लॅस्टिक ताणून चिकटवलं होतं, केसाएवढी फट नव्हती. मापक जरा निवल्यावर ती जिना उतरली.

आधी मांजराचा वास आला. मांजर दोन हिवाळ्यांपूर्वी मेलं होतं, त्याची हगायची, मातीने भरलेली परात अजून तिथेच होती. भिंतीला लागून कॉफीचे रिकामे डबे मांडले होते. त्यांत लुडविक तंबाखू थुंकत असे आणि भरलेला डबा फेकण्याऐवजी नवा घेत असे. कोपऱ्यातल्या बरणीत आंबवलेल्या कोबीवर राखाडी लोकर उगवली होती. मार्लिस तोंडाने श्वास घेत पुढे गेली. भट्टीतून फिल्टर ओढला तर तो घोंगडीच्या तुकड्यासारखा दुमडला गेला, केस आणि धूळ आणि काहीतरी चिकट. भट्टीच्या दारावर काजळीची जीभ वरपर्यंत चढली होती. धुराड्याच्या तोंडाशीही काजळी. धूर वर जातच नव्हता, उलटा घरात येत होता.

कारण तिला दोन पावलांवर सापडलं. या घरांत भिंतीतून वीतभर रुंद नळी आत येते आणि बाहेरची हवा भट्टीपाशी सोडते. गॅस जळायचा आणि धूर वर जायचा तर ही हवा लागतेच. थंडीत त्या नळीतून बर्फाचा झोत येतो, आणि गॅसचं बिल भरणाऱ्या माणसाच्या डोळ्यांना ते नुसतं भोक दिसतं. लुडविकने त्या भोकात उशी कोंबली होती.

गॅसची कळ फिरवून तिने उशी ओढली. सहज निघेना. पाय भिंतीला लावून हिसडा दिला तेव्हा ती निघाली, तेलकट, पिवळी, एका कडेला उंदरांनी केलेलं घरटं, आणि घरट्यात काय होतं ते तिने बघितलं नाही. ती उशी दोन बोटांत धरून वर गेली आणि अंगणातल्या बर्फात फेकली.

लुडविक व्हॅनच्या काचेतून बघत होता. ती आत बसल्याबरोबर म्हणाला, "ती का काढलीस? तिने तळघर किती उबदार झालं होतं."

"तिने तू मरत होतास."

"फ्लू आहे."

"विषारी वायूचा अलार्म कुठाय? एमिलने लावून दिला होता तो?"

"सारखा कोकलायचा. बॅटऱ्या काढून रिमोटला घातल्या."

मार्लिसने कपाळ स्टिअरिंगवर टेकवलं. बाजूला बसलेल्या माणसाच्या कपड्यांना मांजर, तंबाखू आणि काजळी असा सगळ्याचा मिळून वास येत होता, आणि त्या माणसाला अजून आपण हुशार आहोत असं वाटत होतं.

"साधी युक्ती आहे," तो म्हणाला. "सगळ्यांना आवडली."

तिने डोकं वर केलं. "सगळ्यांना म्हणजे?"

"टेबलावरच्या. मीच सांगितली. पैसा नाही, अडका नाही, घर उबदार. तुला काय वाटतं, भट्टीतलं तुला एकटीलाच कळतं?"

"कुणी कुणी केलीय?"

"मी चुगल्या करत नाही."

तिने एकाला फोन लावला. व्हर्लिन कोस्की त्याचं नाव. टेबलावरचा, आणि गावच्या स्वयंसेवी आगीच्या बंबावर काम करणारा, म्हणून तिला वाटलं ऐकेल. व्हर्लिनने सगळं सभ्यपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "बरं का मार्लिस, सध्या नवी भट्टी नकोय आम्हाला. पण आठवण ठेवलीस, बरं वाटलं हं." मागे फासे खुळखुळल्याचा आणि हसण्याचा आवाज आला.

तिने फोन ठेवला. "ऐकलंस? हे तू केलंयस. आता मी गावभर ओरडत फिरले तरी ते हसतील. दवाखान्यात नेणार आहेच मी तुला, पण वाटेत पंप आहे. आत जायचं आणि सांगायचं."

"काय सांगायचं?"

"युक्ती चुकीची होती म्हणून."

लुडविक खिडकीबाहेर बघायला लागला. जन्मात त्याने हे वाक्य म्हटलं नव्हतं. एमिलच्या दफनाच्या दिवशीही पाद्र्याने कबर चुकीच्या बाजूला खणवली म्हणून वाद घालत होता.

पंपावर टेबल भरलेलं होतं. "या, डॉक्टरीणबाई पेशंट घेऊन आल्या!" कुणीतरी म्हणालं. लुडविक खुर्चीच्या पाठीला धरून उभा राहिला.

"मार्लिसचं म्हणणं आहे," त्याने सुरुवात केली, "की ती नळी..."

"तिचं म्हणणं असणारच," व्हर्लिन म्हणाला. "केवढ्याची भट्टी म्हणाली?"

हशा पिकला. लुडविकही हसला. मार्लिस त्या हसणाऱ्या तोंडाकडे बघत राहिली. दातांच्या फटीत तंबाखू होती. तिला वाटलं, मरू देत सगळे. खरंच वाटलं, आणि ते वाटल्याची तिला लाज आली नाही.

"ओरिन कुठाय?" तिने विचारलं. ओरिन हाउटला एकटा राहायचा आणि फाशांचा डाव कधी चुकवत नसे.

"फ्लू," व्हर्लिन म्हणाला. "कालही नव्हता. सकाळी फोन उचलला नाही, झोपला असेल."

लुडविकचं हसू तोंडावरच राहिलं, डोळ्यांतून मात्र गेलं. त्याने टेबलावरचा फाशांचा पेला उचलला आणि आपटला. फासे जमिनीवर सांडले.

"ओरिनकडची उशी मी स्वतः कोंबली," तो म्हणाला. "त्याचे गुडघे दुखतात म्हणून मी खाली गेलो. काठीने आत ढोसली. निघू नये म्हणून." मग आवाज चढवून, जणू समोरच्यांवर रागावल्यासारखा, "माझी युक्ती चुकीची होती! ऐकू येतंय का? मी चुकलो. ती खोटं बोलत नाहीये. उठा!"

कुणी हसलं नाही. व्हर्लिनने उठता उठताच बंबाला फोन लावला.

ओरिनचं घर दोन गल्ल्या सोडून होतं. दाराला कुलूप नसतंच तिथे. मार्लिसचं मापक उंबऱ्यावरच किंचाळलं. ओरिन कोचावर पडला होता, बाजूच्या बादलीत ओकारी, अंगावर पांघरूण. व्हर्लिनने आणि तिने त्याला पांघरुणासकट उचलून बाहेर ओढलं. बर्फात आल्यावर त्याने डोळे उघडले आणि शिवी दिली. इतकी स्वच्छ शिवी मार्लिसने बऱ्याच दिवसांत ऐकली नव्हती.

लुडविक आत घुसायला निघाला होता. "मी कोंबली, मी काढतो."

"तू पायरीवर बस," ती म्हणाली. "आत गेलास तर तुझंही प्रेत मलाच ओढावं लागेल."

तो बसला. कोटाची कॉलर वर ओढून त्याने अंग आवळून घेतलं. तिला दया आली नाही. पण त्याने पहिल्यांदाच सांगितलेलं ऐकलं होतं, एवढं तिने पाहिलं.

बंबवाले आले, मुखवटे चढवून खाली गेले आणि उशी घेऊन वर आले. ही फुलाफुलांची होती. मग रुग्णवाहिका आली. दोघा म्हाताऱ्यांना शेजारी शेजारी आडवं करून नाकातोंडावर प्राणवायू लावला. मार्लिस मागच्या दाराशी उभी होती. ओरिनने मुखवटा जरा वर केला.

"उशी काढलीत?"

"काढली."

"मग आता खाली गार वारा येणार."

मार्लिसने तोंड उघडलं, पण तिच्या आधी लुडविक बोलला.

"येऊ दे की, बैला. आलाच पाहिजे तो. मुखवटा लाव."

रुग्णवाहिका गेली. टेबलावरचे बाकीचे तिघे टोप्या हातात घेऊन व्हॅनपाशी घुटमळत होते. आधी कुणाकडे जायचं यावर त्यांचं हळू आवाजात, फार सभ्यपणे चाललं होतं.

"तुझ्याकडे आधी," ती व्हर्लिनला म्हणाली.

"चालेल," व्हर्लिन म्हणाला आणि जरा चुळबुळला. "फक्त खाली ना, मार्लिस, जरा पसारा आहे."

तिने खोक्यातून रबरी हातमोज्यांचा नवा जोड काढला.